सतरा अंकी संख्या आणि देवळालीचे कापरेकर

मुंबईहून कल्याण, इगतपुरी, भुसावळ, इटारसी, झाशी अशा मार्गाने दिल्लीकडे येणारा लोहमार्ग राजधानीच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. सुट्टीत गावी जाताना आणि शाळा उघडण्याच्या सुमारास परत येताना पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गाने प्रवास झाला. या मार्गावर दोन स्थानके अशी आहेत की त्यांची नावे जगाच्या गणिती शब्दसंग्रहात जाऊन बसली आहेत. एक डोंबिवली आणि दुसरे देवळाली. ही दोन्ही नावे तेथे पोचली ती एकाच गृहस्थामुळे, आणि ते गृहस्थ कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे एका लहानशा गावात मुलांना गणित शिकवणारे शाळाशिक्षक होते. त्यांच्या कार्याची ओळख पुष्कळांना ६१७४ या संख्येमुळे झालेली असते. परंतु त्यांची दृष्टी कशी होती हे समजून घ्यायचे असेल, तर त्यांनी ‘अद्भुत’ म्हणून गौरवलेल्या कुळातील एक मोठी संख्या समोर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढत जाणारी आणि नवापासून एकापर्यंत तशीच उतरणारी ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच राहते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दशमानाच्या स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत, त्यांच्या आधारे ती वाचू लागल्यास एकं, दशं, शतं, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी असे करीत नवाचा शिखरस्थ अंक ‘अर्बुद’ या स्थानी येतो. पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य या पायऱ्या ओलांडून सर्वांत डावीकडचा एक हा ‘मध्य’ या स्थानावर जाऊन थांबतो. त्यापुढे यादीत एकच नाव उरते, परार्ध. म्हणजे बाराव्या शतकातील आपल्या गणितग्रंथात ज्या स्थानांना नावे होती, त्यांच्या सीमेच्या एक पायरी अलीकडे ही संख्या उभी आहे. योगायोग असा की, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद करणारा शिलालेख चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे, आणि चाळीसगाव हेही याच लोहमार्गावरील स्थानक आहे.

शिक्षक आणि संशोधक

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड ओघाने आलीच. मुलाला आकड्यांची पहिली गोडी घरातच लागली. वयाच्या आठव्या वर्षी मातृवियोग झाला आणि वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाल्यावर १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीस अध्यापन करीत राहिले.

देवळाली हे नाशिकजवळचे लष्करी छावणीचे गाव. मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने काढावे लागत. त्या कंटाळवाण्या मुक्कामात मनाचा तोल ढळलेल्या माणसाला सैनिकांच्या बोलीत ‘डूलॅली’ म्हटले जाऊ लागले, आणि गावाच्या नावावरून निघालेला हा शब्द इंग्रजी कोशांतही शिरला. वेडेपणाचा पर्याय म्हणून जे गाव परभाषेत ओळखले गेले, त्याच गावाला पुढे गणितात मानाचे स्थान मिळाले.

कापरेकर शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत असत. आवर्ती दशांश अपूर्णांक, जादूचे चौरस, अंकांची उलटापालट, अंकांच्या बेरजा हे त्यांचे आवडते विषय होते. प्रतिष्ठित नियतकालिकांत त्यांना क्वचितच स्थान मिळे. त्यामुळे लहान नियतकालिकांत लिहावे, स्वखर्चाने पुस्तिका छापाव्यात, आणि गणित परिषदांना पदरमोड करून जावे, असा त्यांचा क्रम होता. ज्या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले ते ‘गणितानंद’ हे नाव त्यांच्या वृत्तीस साजेसे होते. आनंद ही त्यांच्या दृष्टीने गणिताची साथसंगत नव्हती. तेच त्यांचे प्रयोजन होते.

डेमलो नावाचे स्थानक

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर, ‘डेमलो’ नावाचे स्थानक होते. आजची डोंबिवली ती हीच. या स्थानकावर असताना कापरेकरांना एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असेच नाव दिले. या संख्यांचे रूप १६५, २५५३, ४७७७३ अशा उदाहरणांवरून चटकन ध्यानात येते. दोन टोकांच्या अंकांची बेरीज केली की मधला अंक मिळतो. १६५ मध्ये एक आणि पाच मिळून सहा, २५५३ मध्ये दोन आणि तीन मिळून पाच, ४७७७३ मध्ये चार आणि तीन मिळून सात. या कुळातील सर्वांत देखण्या संख्यांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ असा त्यांचा क्रम लागतो. ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात १९३८ साली त्यांनी याच विषयावर लेखन केले.

या अद्भुत संख्या कोठून येतात? फक्त एक हाच अंक असलेल्या संख्यांचे वर्ग करीत गेले की त्या मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग म्हणजेच आपली सतरा अंकी संख्या. असे का व्हावे हे पाटीवर गुणाकार मांडणाऱ्या कोणत्याही मुलाला दिसू शकते. १११११११११ ला तिनेच गुणताना नऊ ओळी लिहाव्या लागतात. प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. सर्वांत उजव्या स्तंभात एकच एक येतो, पुढच्यात दोन, मग तीन, असे करीत मधल्या स्तंभात नऊ एक एकाखाली एक येतात आणि पुढे ते तसेच कमी होत जातात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून कोठेही हातचा येत नाही.

दहाव्या पायरीवर मात्र ही रचना ढासळते. दहा वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला तर मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते. तेथे शून्य लिहून हातचा एक पुढे न्यावा लागतो. शेजारच्या स्तंभात नऊ आणि एक मिळून पुन्हा दहा होतात. तेथेही शून्य येते व हातचा पुढे जातो. त्यापुढच्या स्तंभातील आठाचे त्यामुळे नऊ होतात, आणि उत्तर मिळते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झालेला असतो. जी संख्या नवाच्या अंकावर इतकी सहज शिखर गाठते, तिच्या पुढच्याच पावलाला तोल जातो. म्हणून या माळेतील नववी संख्या ही अखेरची निर्दोष संख्या होय.

एक जुनी कंठमाळ

अशा रचनांचे आकर्षण कापरेकरांच्या आधीही भारतात होते, हे येथे नोंदवले पाहिजे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळात, म्हणजे इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात गुणाकाराची अशी काही उदाहरणे आहेत की ज्यांची उत्तरे गळ्यातील माळेप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. त्यांतील एक उदाहरण २७९९४६८१ गुणिले ४४१ असे आहे आणि त्याचे उत्तर १२३४५६५४३२१ येते. एकापासून सहापर्यंत चढणारी व पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या म्हणजे कापरेकरांच्या मालिकेतील सहावी अद्भुत संख्या होय. तिचे दोन्ही घटकही वर्ग आहेत : ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार १११११११ पेक्षा एक घर लहान, म्हणजे १११११११ मधून एक एक कमी केलेला १११११ आणि १ असा सहा वेळा एक, १११,१११ एवढा होतो.

आकृती जुनी असली तरी कापरेकरांनी केलेले काम वेगळे होते. एखादे सुंदर उदाहरण दाखवून ते थांबले नाहीत. त्या उदाहरणाचे कूळ शोधावे, त्या कुळाला नाव द्यावे आणि त्याचे नियम तपासावेत, ही त्यांची रीत होती. वनस्पतिशास्त्रज्ञ रानातील झाडांचे जसे वर्गीकरण करतो, तसे ते संख्यांचे करीत.

चार कसोट्या

कापरेकरांनी निर्माण केलेल्या संकल्पनांपैकी काही या एकाच संख्येवर लावून पाहता येतात, आणि त्यातून तिचा स्वभाव उलगडतो.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे हर्ष देणारी असे नाव दिले. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. म्हणून १८ हर्षद. आपल्या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ भरते. तिला ८१ ने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा पूर्ण भागाकार येतो, म्हणून ती हर्षद आहे. एवढेच नव्हे, हा भागाकारसुद्धा १२३४५६७९ या संख्येचा पूर्ण वर्ग आहे. आणि १२३४५६७९ मध्ये पुन्हा आठ नाही! या आठावाचून राहिलेल्या संख्येला नवाने गुणले की १११११११११ मिळतात.

मग सर्वच अद्भुत डेमलो संख्या हर्षद असतात का? पहिल्या नऊ संख्या तपासल्या तर त्यांच्या अंकांच्या बेरजा अनुक्रमे १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४ आणि ८१ येतात, म्हणजे क्रमवार वर्गसंख्याच. परंतु निःशेष भाग जातो तो फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि नवव्या संख्येला. १२३२१ ला ९ ने भागले की १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग मिळतो. १२१ ला मात्र ४ ने भाग जात नाही. कारण शोधू गेल्यास ते सरळ आहे. तीन एकांनी बनलेल्या १११ ला तिनाने भाग जातो, नऊ एकांनी बनलेल्या संख्येला नवाने भाग जातो. पण पाच एकांच्या संख्येला पाचाने किंवा सात एकांच्या संख्येला साताने जात नाही. येथून प्रश्न आपोआप विस्तारतो : किती एक लिहिले असता त्या संख्येला एकांच्या गणतीनेच भाग जाईल? एक, तीन, नऊ ही उत्तरे दिसलीच. २७ एक लिहिले तर २७ ने आणि ८१ एक लिहिले तर ८१ ने भाग जातो. एकांची गणती तिप्पट केली की नवी संख्या ही जुन्या संख्येला अशा एका संख्येने गुणून मिळते, जिच्यात तीन एक असून बाकी सारी शून्ये असतात. उदाहरणार्थ, १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. या दुसऱ्या घटकाच्या अंकांची बेरीज तीन असल्याने त्याला तिनाने भाग जातोच. म्हणून ही साखळी कधीच तुटत नाही. गंमत म्हणून सुरू झालेल्या तपासणीचा शेवट अशा रीतीने सिद्धतेत होतो.

दुसरी कसोटी कापरेकर संख्येची. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा ४५ मिळतात. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. अशा संख्या आज कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जातात. आपल्या सतरा अंकी संख्येचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन भाग करून बेरीज केली तर ज्या संख्येचा वर्ग केला ती १११११११११ परत मिळत नाही. पण तिची बरोबर नऊपट, म्हणजे नऊ वेळा नऊ, ९९९९९९९९९ ही संख्या मिळते. आणि ती स्वतः कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ असून त्याच्या दोन भागांची बेरीज पुन्हा ९९९९९९९९९ होते.

तिसरी कसोटी स्वयंभू संख्येची. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ होतात. म्हणून २१ हा २४ चा जनक. ज्या संख्येला असा जनकच नसतो, ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या स्वयंभू संख्या आहेत. १९४९ मध्ये कापरेकरांनी यांचे वर्णन केले आणि आज जगभर त्या ‘देवळाली संख्या’ या नावानेही ओळखल्या जातात. आपली संख्या मात्र स्वयंभू नाही. तिचा जनक १२३४५६७८९८७६५४२४० असून त्याच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ती त्यात मिळवली की सतरा अंकी माळ पूर्ण होते. याखेरीज दुसरा जनक तिला नाही.

चौथी कसोटी घटकांची, आणि ती कापरेकरांच्याही पूर्वीची, सर्व अंकगणिताची कसोटी आहे. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ हे आहेत. त्यामुळे आपल्या संख्येत तीन हा अवयव चार वेळा, तर ३७ आणि ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. बाहेरून नऊही अंक मिरवणारी ही संख्या आतून अवघ्या तीन मूळ संख्यांनी घडलेली आहे.

क्षुल्लक की मूलभूत?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. हे सारे गणित आहे काय? कापरेकरांच्या हयातीत अनेक भारतीय गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे, आणि काहींनी त्याची टिंगलही केली. या आक्षेपामागे तत्त्व नव्हते असे नाही. श्रीनिवास रामानुजन यांची प्रतिभा ओळखणारे केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट रूपाच्या पूर्ण पटीत आहेत : ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, परंतु गणितज्ञाला त्यांत फारसे काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. अंकांचे असे गुणधर्म आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो म्हणून दिसतात. पाया बदलला की रूप बदलते.

आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. दहाचा पाया हा मानवी संकेत असला तरी त्या संकेतातून निर्माण होणारे प्रश्न संकेतासारखे ऐच्छिक नसतात. त्यांची उत्तरे ठरलेली असतात आणि ती शोधावी लागतात. हर्षद संख्यांचेच पाहावे. एकापाठोपाठ एक अशा जास्तीत जास्त किती संख्या हर्षद असू शकतील, हा प्रश्न पुढे गणितज्ञांनी गंभीरपणे घेतला. लागोपाठच्या २१ संख्या कधीही हर्षद असू शकत नाहीत, पण लागोपाठच्या २० हर्षद संख्यांचे गट मात्र अगणित आहेत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. देवळालीच्या शिक्षकाने आनंदासाठी मांडलेल्या व्याख्येतून विद्यापीठांना पुरेल एवढे काम निघाले. पाश्चात्त्य लेखनात याच संख्यांना ‘निव्हेन संख्या’ असेही म्हटले जाते, कारण आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील एका व्याख्यानानंतर तिकडे त्यांची चर्चा सुरू झाली. तरीही ‘हर्षद’ हे नाव टिकले आणि जगातील कोणत्याही भाषेत संख्याशास्त्र शिकणाऱ्याच्या ओठी ते येते.

मातृभाषेच्या शाळांत मुले घालणाऱ्या पालकांच्या मनात एक काळजी नेहमी वास करून असते : आपल्या भाषेत शिकलेले ज्ञान बाहेरच्या जगात चालेल का? ‘हर्षद’ हा शब्द या काळजीला एक शांत उत्तर देतो. संख्येला नाव देताना कापरेकरांनी परभाषेतला शब्द उसना घेतला नाही. ज्या शब्दाचा अर्थ आपल्या घरातील लहान मुलालाही सांगता येईल असा शब्द त्यांनी वापरला, आणि काम भक्कम असल्यामुळे जगाने तो जसाच्या तसा स्वीकारला.

देवळालीहून दिल्लीपर्यंत

कापरेकरांना कीर्ती मिळवून दिली ती ६१७४ या संख्येने. १९४६ मध्ये त्यांना तिचा गुणधर्म आढळला आणि १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि हीच कृती पुन्हा करीत राहावे. देशाच्या स्वातंत्र्याचे १९४७ हे वर्षच घेतले तर ९७४१ उणे १४७९ म्हणजे ८२६२. ८६२२ उणे २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ उणे ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यानंतर कितीही वेळा कृती केली तरी ७६४१ उणे १४६७ होऊन ६१७४ च येत राहते. कोठूनही आरंभ करा, जास्तीत जास्त सात पावलांत हाच मुक्काम येतो. ६१७४ ही हर्षदही आहे : तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यास ३४३, म्हणजे साताचा घन मिळतो.

निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनात भागत नसल्याने कापरेकर गणित आणि विज्ञान यांच्या शिकवण्या घेत. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. तरीही त्यांचे लेखन चालूच राहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या लोकप्रिय गणितविषयक सदरात त्यांच्या कामाची ओळख करून दिली आणि देवळालीच्या या वृद्ध शिक्षकाचे नाव जगभर पोचले. त्या वेळी त्यांनी वयाची सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये देवळालीसच त्यांचे देहावसान झाले.

आज दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने इयत्ता सहावीसाठी २०२४ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘गणित प्रकाश’ या पाठ्यपुस्तकात संख्यांच्या खेळांवरील प्रकरण आहे आणि त्यात कापरेकरांची ही जादूची संख्या मुलांना भेटते. ज्या प्रकारच्या कामाला एके काळी क्षुल्लक म्हटले गेले, ते आता देशभरातील अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती विचाराला चालना देणारे साधन म्हणून दिले जात आहे. हे स्थित्यंतर कापरेकरांच्या गौरवापुरते मर्यादित नाही. आकडेमोड आणि गणित यांतील फरक शाळेने कोठे शिकवायचा, याचेही उत्तर त्यात आहे. मूल जेव्हा उत्तर काढून थांबते, तेव्हा ती आकडेमोड असते; ‘प्रत्येक वेळी असेच होईल का, आणि का होईल?’ असे जेव्हा ते विचारते, तेव्हा गणिताचा आरंभ होतो. हा प्रश्न ऐकून घेण्यास सवड असलेला शिक्षक वर्गात असणे, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. महागडी उपकरणे त्यासाठी लागत नाहीत. पाटी, खडू आणि थोडा निवांत वेळ पुरतो. कापरेकरांजवळ याहून अधिक काही नव्हते.

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या परंपरेचे स्मरण करताना साठ या संख्येकडेही कापरेकरांच्या नजरेने पाहता येते. तिच्या अंकांची बेरीज सहा आणि सहाने तिला निःशेष भाग जातो. म्हणजे साठ ही हर्षद संख्या आहे. ती स्वयंभू नाही. ४८ मध्ये ४ आणि ८ मिळवले की ६० होतात. कोणतीही शाळादेखील अशीच, आधीच्या वर्षांत नवी भर घालीत साठीला पोचते. पुढचा मोठा टप्पा पंच्याहत्तरीचा, अमृत महोत्सवाचा. ७५ ला कोणताही जनक नाही; ती देवळाली संख्या आहे. आज सहावीच्या वर्गात पाटीवर १११ चा वर्ग मांडून पाहणारी मुले तेव्हा पालक होऊन येथे येतील. पंच्याहत्तरला जनक का नाही, हे त्यांनी आपल्या मुलांना स्वतः पडताळून दाखवावे. चोपन्नपासून चौऱ्याहत्तरपर्यंतच्या प्रत्येक संख्येत तिचेच अंक मिळवून पाहिले की काम झाले. त्याखालच्या कोणत्याही दोन अंकी संख्येची मजल पंच्याहत्तरपर्यंत जात नाही.